हातांना लागलेला वास

सायरुंगच्या सोंडेचं टोक दुआनच्या तोंडात होतं. फार आत नाही. खालच्या ओठापासून चार बोटं, जिभेला जेमतेम टेकेल इतकंच. हत्तीच्या सोंडेच्या शेंड्याला बोटासारखा एक मांसल कोंब असतो. त्यानं तो भुईवर पडलेला चिंचोकासुद्धा उचलतो. सायरुंगचा तो कोंब आत्ता काही उचलत नव्हता, काही चाचपत नव्हता. नुसता टेकला होता. दुआनचा धड डोळा अर्धवट मिटलेला होता आणि दुसरा, पांढरा पडलेला, होता तसाच उघडा.

लामाई स्वयंपाकघराच्या पडवीत केळीचे खुंट कापत होती. समोरच्या उतारावर दोघी हत्तिणी उभ्या होत्या, मध्ये फक्त कुंपणाचे वासे. तिनं कोयता थांबवला नाही. तिनं फक्त शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

सम्रितनंही ते पाहिलं होतं. तो चिंच आणि मीठ घालून चिकट भाताचे गोळे वळत होता. हातातला गोळा त्यानं जरा जास्तच दाबला.

"उष्टं चाटतेय," तो म्हणाला.

पूर्वी सायरुंग रोज सकाळी असंच टोक सम्रितच्या बगलेत घालायची, मग कानामागं, मग तोंडाशी. तिनं तसं केल्याशिवाय तो चहासुद्धा घेत नसे. या डोंगरावर आल्यापासून हळूहळू ते कमी झालं आणि मग एक दिवस झालंच नाही. लामाईला तो दिवस लक्षात होता. त्या दिवशी तिनं कच्च्या पपईची कोशिंबीर जरा जास्त तिखट कुटली होती आणि पोटभर खाल्ली होती.

लामाई आणि सायरुंग सम्रितच्या घरात एकाच वर्षी आल्या. सायरुंग नुकती वयात आली होती, लामाई एकोणिसाची. थायलंडातल्या सुरीनकडच्या, हत्ती पाळणाऱ्या कुई लोकांत हत्ती दारात येणं म्हणजे घरात माणूस येण्यासारखंच. सासऱ्यांनी हत्तिणीसाठी पूर्वजांना डुकराचं मुंडकं चढवलं आणि सुनेसाठी कोंबडी. लामाईनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण विसरलीही नाही.

मग सम्रित सायरुंगला घेऊन फुकेतला गेला. बेटावर पर्यटक होते, पाठीवर खुर्ची बांधून त्यांना रबराच्या मळ्यांतून फिरवायचं काम होतं. लामाई मागं राहिली, भातशेती, सासू आणि मुलगा सांभाळत. नवरा यायचा नव्या वर्षाला, कधी कापणीला. आला की अंगणातच कळायचं. त्याच्या सदऱ्याला, केसांना, नखांच्या कडांना सायरुंगचा वास असे: ओल्या सालीचा, थोडा आंबूस, उन्हात वाळलेल्या चिखलाचा. लामाई सदरा दोनदा धुवायची. तिसऱ्यांदा धुतला तरी तो वास सदऱ्यातच असे. एखाद्या बाईचा वास असता तर भांडता आलं असतं. हत्तिणीचं नाव घेऊन भांडणाऱ्या बाईला गाव हसतं.

लामाईच्या डाव्या खांद्यामागं लसणीच्या पाकळीएवढा तीळ आहे. तो सम्रितला आठवायचा नाही. पण सायरुंगच्या मागच्या उजव्या पायाचं कुठलं नख पावसात चिरतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. झोपेत तो बोलायचाही. "सरक गं," म्हणायचा, "पाय उचल." लामाई सरकायची, आणि मग तिच्या लक्षात यायचं की हे आपल्याला नाही, सायरुंगला.

महामारीत पर्यटक आटले, खुर्चीवर फिरवणाऱ्या हत्तींचा तो तळ बंद पडला. बेटावरच्याच एका डोंगरावरल्या अभयारण्यातल्या डॉक्टर पवीणांनी सायरुंगला ठेवून घ्यायची तयारी दाखवली. इथं हत्तीवर बसायचं नाही, त्याला नाचवायचं नाही, आंघोळ घालायच्या निमित्तानं पाहुण्यांनी अंगाला हातही लावायचा नाही. पाहुणे वरच्या लाकडी पुलावरून चालतात आणि लांबून बघतात. माहूतही अंकुश घेत नाहीत. हत्तीनं कुठं उभं राहायचं, कुणाबरोबर उभं राहायचं, हे हत्तीच ठरवतो. माहुताला राहायला खोली मिळेल आणि बायकोला स्वयंपाकघरात काम. काही महिने सायरुंगला राहू द्या, मग मालकानं ठरवावं: कायमची इथं सोडायची की परत न्यायची.

सम्रितच्या मनात नव्हतं. लामाईनं त्याच्यामागं लकडा लावला. सायरुंगचं वय, पाठीवरचे खुर्चीचे वळ, सांध्यांचं दुखणं, सगळं तिनं त्याला मोजून दाखवलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. तिचं स्वतःचं कारण मात्र तिनं सांगितलं नाही. हत्तीण इथली झाली तर नवरा आपला होईल, इतकं साधं ते कारण होतं. आणि खोलीही खरीच मिळाली: एक खिडकी, एक चटई, कौलांखाली एक फळी. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं वर्षभर एका छपराखाली राहत होती. भाताची वाफ दोघांच्या मध्ये यायची आणि सम्रित ताटात मासा तिच्याकडे सरकवायचा. लामाईला तेवढ्यावर आयुष्य काढता आलं असतं.

महिन्यांचं वर्ष झालं, पण निर्णय होत नव्हता. त्या फळीवर लाल फडक्यात गुंडाळलेला दोरीचा एक तुकडा होता. पूर्वी रानातले हत्ती ज्यानं धरत, तो म्हशीच्या चामड्याचा फास. गावची सबंध दोरी भावांकडे राहिली आणि हा तुटका तुकडा सम्रितच्या वाट्याला आला. त्यात घराचे पूर्वज राहतात. बायकांनी त्याला हात लावायचा नाही, तो बाहेर काढला की जवळ बसायचंही नाही. आणि हत्तीबद्दल काही ठरवायचं तर ते दोरीसमोर, मोठ्यानं, शब्दांत म्हणावं लागतं. मनात ठरवलेलं चालत नाही. बायकोला, भावाला, डॉक्टरला सांगितलेलंही चालत नाही. दोरीला सांगितलं की मग ते फिरवता येत नाही.

म्हणून सम्रित सांगत नव्हता. तो कोंबडी शिजवायचा, दोरीपुढं ठेवायचा, जबड्याचं हाड काढून कौल बघायचा. एकदा हाड वाकडं निघालं. एकदा सरळ निघालं, पण कोंबडी फार कोवळी होती म्हणाला. एकदा हाडच तुटलं.

कोंबड्या मारियमकडून यायच्या. मारियम स्वयंपाकघरात लामाईच्या जोडीला होती, खालच्या मशिदीजवळ राहायची, बेटावरचीच.

"ताई, माझी खुराडी रिकामी होत आली," ती एकदा म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचा निर्णय व्हायला अजून किती जणींनी जबडा द्यायचा?"

लामाईचं एक गुपित मारियमला ठाऊक होतं. सायरुंग आली त्या दिवसापासून लामाई तिची चाऱ्याची टोपली मुद्दाम दुआनच्या टोपलीशेजारी ठेवत होती. दुआन म्हातारी, पूर्वी लाकडं ओढायची, एका डोळ्यानं आंधळी. ती कुणात मिसळत नव्हती. लामाईनं विचार केला होता की ही एकटी, ती एकटी. दोघींचं जमलं तर सायरुंगला माणसाची गरज उरणार नाही. आठवड्याभरात दोघी एकमेकींच्या टोपलीतलं खाऊ लागल्या. महिन्याभरात एक लांब गेली की दुसरी पोटातून गुरगुरायची आणि पहिली परत यायची.

लामाईनं हे मारियमला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात थोडी भीती होती आणि थोडा डौल. मारियम चाऱ्यासाठी अननसाची पानं निवडत हसली. "टोपल्या शेजारी ठेवून जीव जडत असता, तर माझं नि माझ्या नणंदेचं काय झालं असतं? एका परातीत जेवतो आम्ही."

सम्रितला टोपल्यांचं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त दुआन दिसत होती. तो तिला नावानं हाक मारत नसे. "ती काणी," म्हणायचा. काणीला चालता येत नाही. काणी पाणी गढूळ करते. काणीच्या अंगाला वास येतो. हे शेवटचं तो म्हणाला तेव्हा लामाईला ठसका लागला, आणि त्यानं तिला पाणी आणून दिलं.

खरं सांगायचं तर लामाईला मजा वाटत होती. ती मजा तिनं एखाद्या मिठाईसारखी पुरवून खाल्ली. सम्रित लपवून चिंचेचे गोळे न्यायचा, कुंपणाशी उभा राहून हाका मारायचा. सायरुंग कान उभे करायची, दोन पावलं यायची, मागं बघायची आणि परत जायची. तो गोळे तसेच घेऊन यायचा. "पोट भरलंय तिचं," म्हणायचा. लामाई म्हणायची, असेल. मग तो जेवायचा नाही. लामाई त्याच्या वाटचा मासा झाकून ठेवायची आणि मनाशी म्हणायची, कळू दे. ताट वाढून वाट बघणं काय असतं ते कळू दे.

एकदा पाहुण्यांचा एक गट आला, बँकॉकचं एक कुटुंब आणि दोघं परदेशी. पुलावरून ते बघत होते. वाट दाखवणारी मुलगी सांगत होती की या दोघी मैत्रिणी, एकमेकींवाचून पाणीसुद्धा पीत नाहीत. त्या कुटुंबातल्या आजीबाईंनी विचारलं, पांढऱ्या डोळ्याची आहे तिला दिसतं कसं? मुलगी म्हणाली, दुसरी तिच्या आंधळ्या बाजूनं चालते ना. आजीबाईंनी डोळे पुसले. मग त्यांचं लक्ष खाली, गोळे घेऊन उभ्या असलेल्या सम्रितकडे गेलं.

"आणि हे कोण?" त्यांनी विचारलं.

मुलीनं सांगितलं की ते सायरुंगचे मालक. आजीबाई कठड्यावरून वाकून प्रेमानं म्हणाल्या, "मग ती तुमच्याकडे का येत नाही हो?"

सम्रितनं मान लवून हात जोडले आणि तो पडवीत निघून आला. त्या संध्याकाळी तो बराच वेळ कोयत्याला धार लावत बसला. कोयता आधीच धारदार होता.

"तू केस कापलेस," तो एकदम म्हणाला.

लामाईनं मागं हात नेला. तिचे केस आता मानेपर्यंत होते. इथं आल्यावर मारियमबरोबर गावात जाऊन तिनं ते कापून घेतले होते.

"तू केस कापलेस तेव्हापासून ती येत नाही. दिवस जुळवून बघ. माणूस हत्तीमागं गेला की घरच्या बाईनं केस कापायचे नसतात. कापले की फास सुटतो. आईनं तुला शिकवलं नव्हतं?"

शिकवलं होतं. हत्ती धरायला पुरुष रानात जात तेव्हा बायकांनी केस कापायचे नाहीत, तिन्हीसांजेला झाडायचं नाही, परक्याला पायरीवर बसू द्यायचं नाही. हत्ती धरणं बंद होऊन पिढी लोटली, तरी सासूनं ते नियम लामाईला लावले, कारण मुलगा हत्तीबरोबर लांब होता. लामाईनं ते सगळी वर्षं पाळले. केस कंबरेखाली आले, उन्हाळ्यात मान भाजायची, मोळी उचलताना केस अडकायचे. तिनं पाळले. आणि या खोलीत राहायला आली त्याच महिन्यात तिनं ते कापले. तो नियम मागं राहिलेल्या बायकांचा होता. ती आता मागं राहिली नव्हती. कापताना तिला वाटलं होतं की सम्रितच्या हे लक्षात येईल.

"आणि त्या काणीनं काय केलंय?" लामाई म्हणाली. "तिनं केस वाढवलेत?"

सम्रितनं दुसरंच सांगितलं. किनाऱ्यावर एक नवा तळ निघाला आहे. तिथं पाहुणे हत्तींबरोबर पाण्यात उतरतात, त्यांना घासूनपुसून आंघोळ घालतात. तिथल्या मालकानं त्याला विचारलं आहे. ट्रक शुक्रवारी सकाळी येईल. तिथं दुसरी कुणी नसेल, मी दिवसभर तिच्याबरोबर पाण्यात असेन, माझा हात तिच्या कानामागं असेल. तो हे कोयत्याकडे बघत बोलला.

"आणि मी?"

"तिथं माहुतांची एकच पडवी आहे. बायकांची सोय नाही." कोयत्याची धार बोटानं बघत तो म्हणाला, "तू गावाला जा. मी नव्या वर्षाला येईनच."

लामाईनं भांडी घासायला घेतली. नव्या वर्षाला येईनच. हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातला प्रत्येक शब्द कुठं खाली उतरतो ते तिला माहीत होतं. मजा संपली होती. ज्या कुंपणापलीकडे तिनं ती हत्तीण ढकलली होती, त्याच कुंपणावरून उडी मारून तिचा नवरा त्या हत्तिणीमागं निघाला होता.

"दोरीला सांगितलंस?" तिनं पाठमोरं राहून विचारलं.

"सांगेन."

गुरुवारी दुआनच्या पुढच्या पायाला गळू झाल्याचं दिसलं. तिचा माहूत भाच्याच्या लग्नाला गेला होता. डॉक्टर पवीणांनी सम्रितला बोलावलं. "सम्रितदादा, पाय धरायला तुमच्याइतका पक्का हात माझ्याकडे दुसरा नाही," त्या म्हणाल्या, "आणि उद्या तुम्ही जाणार म्हणताय. एवढं करून जा." त्यांनी त्याला एकदाही थांबा म्हटलं नव्हतं. हत्तीण तुमची, ठरवणं तुमचं, इतकंच म्हणाल्या होत्या.

दुआनला खालच्या औषधाच्या कोठीत नेलं. ती वरून दिसत नव्हती. सम्रितनं तिचा पाय गुडघ्यावर घेतला, डॉक्टरांनी गळू फोडलं, धुतलं, पुन्हा धुतलं. त्याला बराच वेळ लागला. दुआन हलली नाही. फक्त एकदा तिनं आपली सोंड सम्रितच्या खांद्यावर टाकली, आधारासाठी, आणि त्यानं ती झटकली नाही. त्याचा हात धरलेल्या पायाखाली अडकलेला होता, असं त्यानं नंतर सांगितलं.

वर सायरुंगनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. ती कुंपणाच्या खालच्या टोकाला उभी राहिली, सोंड वाऱ्यात वर धरून. लामाईनं टोपली ठेवली, सवयीनं शेजारची जागा रिकामी सोडून. तिला वाटलं होतं तसं बरं वाटलं नाही.

दुपार कलल्यावर सम्रित वर आला. एकटी उभी असलेली सायरुंग पाहून त्याचा चेहरा उजळला. त्यानं गोळे घेतले, कुंपणाशी गेला आणि हाक मारली. "ये गं. ये, माझी बाय."

आणि ती आली. झपझप आली, वाळकी पानं तुडवत. वाशांमधून सोंड बाहेर काढून तिनं ती त्याच्या तळहाताला लावली. मग मनगटाला. मग कोपराच्या आतल्या बाजूला, बगलेत, सदऱ्याच्या बाहीवर, खांद्यावर. पूर्वीसारखं. पूर्वीपेक्षा जास्त. सम्रित हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. त्यानं मागं वळून लामाईला हाक मारली. "बघितलंस? विसरली नाही. बघ, बघ."

लामाई टोपली कंबरेवर घेऊन उभी होती. ती बघत होती. तिच्यासाठी हा माणूस असा कधी रडला नव्हता. मुलगा झाला तेव्हा तो बेटावर होता. तिची आई गेली तेव्हाही बेटावर होता. आत्ता त्याचे गाल एका सोंडेसाठी ओले झाले होते आणि तो बायकोला म्हणत होता, बघ.

म्हणून तिनं नीट बघितलं. सायरुंग गोळ्यांना शिवली नव्हती. एक गोळा खाली पडला, फुटला, तिनं लक्ष दिलं नाही. ती सोंडेचं टोक सम्रितच्या बाहीला लावायची आणि आपल्याच तोंडात, टाळूशी नेऊन धरायची. पुन्हा बाहीला, पुन्हा टाळूशी. उजव्याच बाहीला. सम्रितनं डावा हात पुढं केला तेव्हा तिनं तो हुंगला आणि सोडला. पुन्हा उजवा. मग खांदा, जिथं दुआननं सोंड टाकली होती. तिथं ती सर्वांत जास्त वेळ थांबली. आणि मग तिनं खालच्या कोठीच्या दिशेनं मान वळवली आणि पोटातून हाक घातली.

लामाईला ते सम्रितच्या आधी कळलं. अंगणात उभी राहून नवऱ्याच्या सदऱ्यात दुसरीला हुंगण्यात तिची सगळी उमर गेली होती.

सम्रितचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं हात मागं घेतला. सायरुंगनं सोंड लांबवली, ती हातापर्यंत पोचेना, तेव्हा ती वाशांवर टेकली. तो लामाईजवळ आला आणि त्यानं उजवा तळहात तिच्या नाकाशी धरला.

"कसला वास येतो?"

तिनं वास घेतला. औषध, साबण, आणि त्याखाली काहीतरी जुनं, कडवट, धुरकट.

"दुआनचा."

"सायरुंगचा नाही?"

"नाही."

"तुला दोघींचा फरक कळतो?"

"मला नाही कळणार तर कुणाला कळेल?" लामाई म्हणाली.

तिनं टोपली खाली ठेवली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि बहुधा म्हणूनच त्याला पुढं विचारावंसं वाटलं.

"कधीपासून?"

"आधी अंगणातून कळायचं. नंतर नंतर तू फाटकापाशी असलास तरी कळायचं. सदरे मी दोनदोनदा धुवायचे. तुला वाटायचं, तुझी बायको फार स्वच्छ."

सम्रित पडवीच्या पायरीवर बसला. बराच वेळ तो आपल्या हाताकडे बघत होता. लामाईनं तांब्या आणला, पण तो हात धुवायला पुढं झाला नाही. मग तो उठला, खाली कोठीकडे गेला आणि डॉक्टरांना काहीतरी म्हणाला. दिवे लागायच्या आधी दुआन लंगडत वर आली. सायरुंग धावली नाही. ती चालत गेली, आंधळ्या बाजूनं वळसा घेतला आणि सोंडेचं टोक दुआनच्या तोंडात ठेवलं. सम्रित या वेळी काही म्हणाला नाही.

लामाईला वाटलं की आता आपण त्याला सांगू शकतो, टोपल्यांचं. मग वाटलं, काय सांगायचं? नुसतं शेजारी ठेवून जीव जडत असता, तर तिची आणि सम्रितची ताटंही वर्षभर शेजारीच होती.

शुक्रवारी सकाळी ट्रक खालच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं. मारियम एक लालबुंद कोंबडी काखेत धरून चढाव चढून आली. "ही शेवटची," ती म्हणाली. "हिचाही जबडा वाकडा निघाला तर सरळ मला विचारा, मीच सांगते काय करायचं ते."

सम्रित आंघोळ करून, धुतलेलं कापड नेसून बाहेर आला होता. त्यानं कोंबडीकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "घेऊन जा परत. अंडी देईल."

मारियमनं लामाईकडे पाहिलं. लामाईनं मान हलवली, मलाही माहीत नाही अशी. सम्रित आत गेला. फळीवरून लाल फडकं खाली काढल्याचं तिला कळलं, कारण फळीची ती एक खुंटी नेहमी करकरते. ती उठून खालच्या पायरीवर जाऊन बसली, नियमाप्रमाणे, दाराकडे पाठ करून. इतकी वर्षं ती अशीच पाठ करून बसली होती आणि प्रत्येक वेळी आतून नुसती पुटपुट ऐकू यायची. आत पूर्वजांशी काय बोलणं चालतं त्यात आपला विषय कधी निघत असेल का, असं तिला वाटायचं, आणि निघत नसणार हेही तिला माहीत असे.

आज तो पुटपुटला नाही. त्यानं आजोबांचं नाव घेतलं, वडलांचं घेतलं. सायरुंगचं घेतलं, तिच्या आईचंही घेतलं. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. खाली ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग वैतागून इंजिन बंद केलं. सगळा उतार एकदम शांत झाला आणि त्या शांततेत सम्रितचा आवाज बाहेरपर्यंत स्वच्छ आला.

"लामाईनं केस कापले आहेत," तो म्हणाला. "मी तिला बोललो. त्यात तिच्या केसांचा दोष नव्हता. ते तसेच राहतील."

लामाईचा हात मानेकडे गेला आणि तिथंच राहिला. त्या दोरीपुढं तिचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं होतं. तिला मागं वळून बघायचं होतं, पण तिनं बघितलं नाही. समोर कुंपणापलीकडे दोघी हत्तिणी एकाच टोपलीवर वाकल्या होत्या, दुसरी टोपली भरलेली असून. आत सम्रितनं श्वास घेतला. तो इतका लांब होता की तिला वाटलं, आज पुन्हा राहिलं.

"सायरुंग इथंच राहील," तो म्हणाला.